लसवाली केळी बाजारात आली म्हणे, खरं काय?

प्रश्न: आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की आता केळ्यांत जीन्स बदलून लस घालतात आणि न सांगता विकतात. सासूबाईंनी त्या दिवसापासून केळ्याला हात लावलेला नाही, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातनं आणलेली मयड्याची केळी टेबलावर काळी पडली. मला मात्र उलटंच वाटलं. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, हेल्थ सेंटरचं गेट दिसलं की रडायला लागतो, अशी केळी खरंच असतील तर बरंच की! पोलिओचे थेंब तोंडातनं चालतात, मग केळं का नाही? (एक वाचक, शिवोली)

उत्तर: ताई, सासूबाईंना आधी सांगा की अशी केळी म्हापशातच काय, जगात कुठल्याच बाजारात नाहीत. पण मेसेज लिहिणाऱ्यानं सगळंच हवेतनं काढलेलं नाही. 1990च्या सुमारास चार्ल्स आर्न्टझेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या डोक्यात हे आलं, की फ्रिज नको, सुई नको, गरीब देशातल्या पोरांना केळं द्यायचं आणि झालं. 1992 मध्ये त्यांच्या टीमनं हिपॅटायटिस बी या लिव्हरच्या आजाराच्या लसीतलं प्रोटीन तंबाखूच्या झाडात तयार करून दाखवलं. आता तंबाखू कोण खाणार, म्हणून मग बटाटा. 1998 मध्ये जुलाबाच्या जंतूचं एक प्रोटीन घातलेला बटाटा माणसांना खायला दिला, तोही कच्चा, सोलून तुकडे केलेला, कारण शिजवला की प्रोटीन खराब होतं. ज्या 11 जणांनी तो चावला त्यातल्या 10 जणांच्या रक्तात अँटिबॉडीज वाढल्या. मला तर त्या कच्च्या बटाट्याचाच विचार करून कसंतरी होतं.

केळं कच्चंच खातात म्हणून ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. पण तुम्ही घड बघितलाय ना, वरची फणी पिवळी होऊन गळायला आली तरी खालची हिरवीच. मग कुठल्या केळ्यात किती लस आहे ते कोण सांगणार? एका पोराला अर्धा डोस आणि दुसऱ्याला दुप्पट असं लसीत चालत नाही.

पोलिओच्या थेंबांचं म्हणाल तर त्यात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, तो आतड्यात जाऊन वाढतो, म्हणून शरीर जागं होतं. केळ्यात असतं नुसतं प्रोटीन. आपलं आतडं रोज शीत-कडी, सुंगटं, काय काय पचवतं, खाण्यातल्या प्रत्येक प्रोटीनवर ते भांडायला लागलं तर जगणंच कठीण. त्यामुळे थोडंसं लसप्रोटीन गेलं तरी पोट त्याला बहुतेक जेवणच समजतं, आणि कधी कधी उलट त्याच्याकडे दुर्लक्ष करायलाच शिकतं. हिपॅटायटिस बीचा बटाटा नंतर माणसांना दिला तेव्हा तीन वेळा खाणाऱ्या 16 पैकी 10 जणांत अँटिबॉडीज वाढल्या, पण ते सगळे आधीच सुई घेतलेले होते, म्हणजे तो बूस्टरच म्हणायचा, आधीच्या लसीला जोर देणारा जादा डोस.

अशी पिकं नेहमीच्या खाण्यात मिसळण्याची भीती मात्र खरी आहे हो, इथे सासूबाई चुकल्या नाहीत. 2002 मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात जीन्स बदलून औषधासाठी लावलेल्या मक्याची आदल्या वर्षीची रोपं सोयाबीनच्या शेतात उगवली आणि जवळजवळ पाच लाख बुशेल (तिकडचं धान्याचं माप, सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे साधारण 27 किलो) सोयाबीन नष्ट करावं लागलं. तेव्हापासून खायच्या पिकात औषध पिकवायला लोक बिचकतात. आपल्याकडे तर 2010 पासून जीन्स बदललेल्या बीटी वांग्यालाच ब्रेक लागलाय, ते सुद्धा नुसतं कीड लागू नये म्हणून होतं, मग लसवाली केळी कोण येऊ देणार, आमच्या आगशीच्या वांग्यांना तरी सुखानं राहू दे!

पण झाडाचा कारखान्यासारखा वापर चालू आहे. गोशे नावाच्या आजारावरचं एक औषध गाजराच्या पेशींत बनतं, त्याला 2012 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. 2022 मध्ये कॅनडानं तंबाखूच्या जातीतल्या झाडात बनलेली कोविडची लस मंजूर केली, पण ती सुद्धा सुईनंच टोचायची होती आणि पुढच्या वर्षी कंपनीच बंद पडली.

मुलाचं म्हणाल तर पाच वर्षं म्हणजे डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर असेल, तो सुईचाच, केळ्याची वाट बघत थांबू नका. टोचून झाल्यावर केळं हातात द्या हवं तर. आणि ती काळी पडलेली केळी आतून चांगली असली तर टाकू नका, मयड्याच्या केळ्यांचा हलवा अशाच पिकलेल्यांचा लागतो.