लॅपटॉपची ग्राफिक्स चिप ओव्हरक्लॉक करावी का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात राहतो. लॅपटॉपवर गेम अडखळतात. ग्राफिक्स चिपचा वेग सॉफ्टवेअरने वाढवावा का? खोलीत कूलर आहे.

उत्तर : उन्हाळ्यात तरी वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेग वाढवला की चिपला वीज जास्त लागते, आणि व्होल्टेजही चढवले तर उष्णता साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती बाहेर टाकणारा पंखा मात्र खोलीतलीच हवा ओढतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांच्या तांब्याच्या उष्णतावाहक नळ्या सामाईक असल्याने एकाचा ताप दुसऱ्यालाही भोगावा लागतो. बऱ्याच चिप ८५ ते ९० अंशांच्या आसपास स्वतःच वेग उतरवतात, म्हणजे वाढवलेला वेग हाती राहतच नाही. शिवाय सततच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते.

आधी लॅपटॉप जाणकाराकडून उघडून घ्यावा. घरात कापूस साठवलेला असेल, तर पंख्यामागच्या बारीक पत्र्यांवर रुई आणि धुळीचा घट्ट थर बसलेला हमखास सापडतो. तो काढून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता नळ्यांकडे नेणारा लेप) बदलली, तर तापमान बरेच उतरू शकते. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नये, कारण त्यात पाण्याचे तुषार असतात. गेममध्ये फ्रेमची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ६० ठेवावी आणि सावल्यांचा दर्जा कमी करावा.