चार दिवस कोंडलं की दारू सुटते का?

"मॅडम, चार दिवस खोलीत कोंडायचं, बाहेरून कडी घालायची. मनावर घेतलं की सुटते. बघितलंय आम्ही."

कुठे बघितलंत, असं विचारलं तर वहिनी गप्प बसल्या आणि दिराने एका मालिकेचं नाव घेतलं. त्यातला नायक घामाघूम होऊन दारावर मुठी आपटतो, पार्श्वसंगीत चढत जातं आणि तिसऱ्या सकाळी तो ओल्या केसांनी, गुळगुळीत दाढी करून बाहेर येतो. सगळा प्रसंग चार-पाच मिनिटांचा.

"एकदम बंद केली तर बिघडलं काय?" हे मला व्यसनमुक्तीच्या कामात महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतं. म्हणून ही हकिगत सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

तयारी जय्यत होती. मागच्या खोलीतून काचेच्या वस्तू हलवल्या होत्या, फोन कोणी काढून घ्यायचा तेही ठरलं होतं. वहिनींच्या नवऱ्याचा, म्हणजे दादांचा, दिवस गेली सहा-सात वर्षं दारूच्या पेल्यानेच सुरू होत होता. शुक्रवारी रात्री कडी लावायची, असा बेत.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, याआधी कधी दोन दिवस दारू मिळाली नाही असं झालंय का?

"हो की, प्रवासात," दीर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की शर्टाचं बटण लागेना. मग म्हणे अंगावर मुंग्या चढतायत. मला वाटलं, नाटक करतोय."

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "झटका पण आला होता. डोळे फिरले, दातखीळ बसली." तिथल्या डॉक्टरांनी व्यसनाबद्दल विचारलं होतं. घरच्यांनी काही नाही म्हणून सांगितलं. "चारचौघांत कसं बोलणार?"

त्या दिवशी मंगळवार होता. हाताशी तीन दिवस होते.

दारू मेंदूला रोज दडपत असते आणि मेंदूही हळूहळू उलट जोर लावायला शिकतो. पलीकडून कोणी दार ढकलतंय आणि आपण अलीकडून खांदा लावून उभे आहोत, असं समजा. पलीकडच्याने अचानक जोर काढला की आपण तोंडावर आपटतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 8 तासांत थरथर, घाम, घालमेल सुरू होते. झटके यायचे तर बहुतेक पहिल्या 48 तासांत येतात. आणि काही जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम होतो. नसलेले किडे दिसतात, दिवस की रात्र कळत नाही, ताप चढतो, नाडी धावत सुटते. थॉमस सटन या इंग्रज डॉक्टराने 1813 मध्ये याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' हे नाव दिलं. इतकी जुनी गोष्ट, पण पटकथा लिहिणाऱ्यांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो आणि पूर्वी एकदा झटका आलेल्याला धोका जास्त. हे लोक दादांना नेमके तेच चार दिवस कडीकुलपात ठेवणार होते.

पडद्यावर तडफडतो तो बहुधा हेरॉईन सोडणारा. त्या यातना भयंकर असतात, पण एरवी धडधाकट असलेल्या माणसाचा त्यात सहसा जीव जात नाही. दारू सोडणाऱ्याचा जाऊ शकतो. आणि दारुड्याला मात्र हसवायचं काम दिलेलं! तो खांबाशी गप्पा मारतो आणि तोंडावर बादलीभर पाणी ओतलं की शुद्धीवर येतो. पाण्याने उतरत नाही, कॉफीनेही नाही. यकृत आपल्या चालीने उतरवतं, त्याला घाई करता येत नाही. हे मी वहिनींना मुद्दाम सांगितलं, कारण दादा घोरायला लागले की "झोपले एकदाचे" म्हणून त्या दिवा मालवायच्या. उताण्या पडलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवायचं. हलवूनही उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

गुरुवारी दोघे भाऊ आले. एकाची दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दुसरा इस्त्रीच्या शर्टात, ताठ बसलेला. दिराला मी आधी भेटलेली होते, तरी "बसा, पाणी घ्या" म्हणत माझा हात पेला घेऊन त्याच्याकडेच वळला. बिचारा दोन रात्री भावाच्या उशाशी जागला होता. इतकी वर्षं हे काम करूनही माझ्या डोळ्यांत पडद्यावरचाच दारुडा बसलेला.

दादा हसले. म्हणाले, "माझंही तेच झालं मॅडम. तो गटारात पडतो, त्याची नोकरी जाते. मी एक दिवस उशिरा गेलो नाही कामावर. मग मी कसला दारुडा?"

बाकीचं थोडक्यात सांगते. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना दाखल करून घेतलं. झटके येऊ नयेत म्हणून दिलेलं औषध रोज थोडं कमी करत आणलं, सोबत बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. डॉक्टरांना या वेळी वहिनींनी सगळं सांगितलं. हे औषध घरी आपल्या मनाने देऊ नये, त्याचीही सवय लागते आणि दारूवर पडलं तर श्वासावर बेततं.

दहा आठवड्यांनी ते पुन्हा प्यायले. वहिनींचा फोन आला, "संपलं सगळं." खोलीतून बाहेर आलेला नायक पुन्हा पिताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मी विचारलं, किती प्यायले आणि मग काय केलं? दोन दिवस प्यायले होते, तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, डॉक्टरांकडे जाऊ. पूर्वी सहा-सात वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मी ते वहिनींना पुन्हा उच्चारायला लावलं.

परवा दोघे भेटीला आले होते. वहिनींचा प्रश्न होता, टीव्हीवर पिण्याचा प्रसंग आला की बंद करू का? ओढ उसळत असेल तर सरळ बंद करा, असं मी म्हणाले. दादांनी मान हलवली आणि आदल्या रात्रीचं सांगायला लागले. प्रेमभंग झालेला नायक, रिकामी बाटली, बाहेर पाऊस. वहिनींनी रिमोट उचलला तेव्हा ते म्हणाले होते, "थांब, हा सकाळी शर्टाचं बटण कसं लावतो ते बघू."

"मग?" मी विचारलं.

"सकाळ दाखवलीच नाही."