समोरचे वकील तयार असतील तर दाव्यात कागद हजर करायची मुदत आपसात वाढवून घेता येते का?

नाही. कोर्टाने हुकूम करून तारीख घातली असेल तर ती कोर्टच वाढवतं. दोन्ही वकिलांचं जमलंय ना, मग दोघांच्या सह्यांची पुरशिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) मुदत संपायच्या आत दाखल करा आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, नवी तारीख चढली का ते स्वतः बघा. बार रूममध्ये चहावर ठरलेल्या गोष्टीला कवडीची किंमत नसते.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. आमच्या मालकांनी बाहेरगावच्या एका खरेदीदारावर वसुलीचा दावा लावला होता. त्याने हिशोबच नाकारला आणि आमच्या खतावण्या तपासायला मागितल्या. कोर्टाने मुदत घालून हुकूम केला. नेमक्या त्याच सालच्या वह्या गावभागात मालकांच्या घरी, तळमजल्यावरच्या कपाटात होत्या आणि २०१९ च्या महापुरात भिजल्या होत्या. लाल कापडी पुठ्ठे फुगलेले, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. पातळ पट्टी सारून एकेक पान सोडवायचं. जरा ओढलं की निम्मा आकडा शेजारच्या पानावर. घाईचं काम नव्हतंच ते.

मालकांचे जावई म्हणाले, "समोरच्या वकिलांशी फोनवर बोललोय, घ्या की निवांत म्हणालेत. कशाला कागद रंगवायचे?" मी म्हटलं, तेच पुरशिशीवर लिहून द्या म्हणावं. तर म्हणे, "दिवाणजी, तुम्ही वह्या सांभाळा." सांभाळल्या. मधल्या काळात समोरच्याने वकील बदलला. नव्या वकिलांना त्या फोनचं काय? मुदत टळल्याबरोबर त्यांचा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ नियम २१ चा अर्ज आला, दावा काढून टाका म्हणून. हा नियम वाचून ठेवा. तपासणीचा हुकूम वादीने पाळला नाही तर दावा जाऊ शकतो आणि त्याच कारणावर नवा लावता येत नाही. प्रतिवादी चुकला तर त्याचा बचाव जातो. आमच्या बाजूने फोनचा विषय निघाला, तर न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "रोजनाम्यात कुठं आहे?"

वाचलो ते त्याच संहितेच्या कलम १४८ मुळे. मुदत उलटल्यावरही कोर्ट ती वाढवून देऊ शकतं, मात्र कायद्यात एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. वह्या टेबलावर ठेवल्या, कॉस्ट (उशिरापायी कोर्टाने भरायला लावलेला खर्च) भरली, मुदत मिळाली. कॉस्ट मी पेढीच्या खर्चात न टाकता जावयांच्या नावे टाकली. मालकांनी नोंद बघितली, खोडली नाही.

सही मागितली की समोरच्याचा अपमान होतो, असं जावई अजूनही म्हणतात. ज्याला खरोखर वेळ द्यायचाय त्याला सही करायला काय होतंय?

हां, एक राहिलं. कोर्टाचा हुकूम नसेल, नुसती कागद दाखवा अशी वकिलाची नोटीस असेल, तर दहा दिवसांच्या जागी पंधरा झाले तरी समोरच्याने अर्ज करेपर्यंत काही अडत नाही. तिथे आपसात चालतं. उलट तुमचा दावा व्यापारी स्वरूपाचा आणि तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल, तर व्यापारी न्यायालयाचे नियम लागतात. तिथे कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) दाखल झाल्यापासून ३० दिवसांत तपासणी संपवायची, आणि कोर्ट अर्जावर वाढवून देईल तेही जास्तीत जास्त ३० दिवस. त्यापुढे दोन्ही वकिलांनी मिळून सही केली तरी उपयोग नाही.