डेक्साचा आकडा आणि टीपीएनची पिशवी

ताई, मुलगी सात वर्षांची, जन्मानंतर पीळ पडल्यामुळे बरंचसं आतडं काढलेलं, आठवड्याला पाच रात्री घरी टीपीएन (पिशवीतून थेट शिरेत दिलं जाणारं पोषण), आणि आता डेक्सात (हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीत) कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर (तिच्या वयाच्या मुलांच्या सरासरीशी तुलना) उणे 2.4, म्हणजे सरासरीपेक्षा बराच कमी. ‘कॅल्शियमचं सिरप सुरू करू का?’ असं तुम्ही विचारलंय. मनाने करू नका. मी डॉक्टर नाही, पण माझा मुलगा बारा वर्षं टीपीएनवर आहे आणि या वाटेने मी गेले आहे.

आधी विचारा, हा आकडा तिच्या उंचीप्रमाणे दुरुस्त केलाय का. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, त्यामुळे ठेंगण्या मुलाचं लहान हाड त्यात आहे त्यापेक्षा विरळ दिसतं. आमच्याकडे दुरुस्तीनंतर आकडा बराच सुधारला होता.

मग पिशवीकडे वळा. कॅल्शियम आणि फॉस्फेट एका पिशवीत जास्त झाले की त्यांचा साका बनतो. तो नसेत गेला तर जिवावर बेततं, म्हणून फार्मसिस्ट हात राखून देतात. सोडियम ग्लिसरोफॉस्फेटसारखं सेंद्रिय फॉस्फेट असेल तर दोन्ही जास्त बसवता येतात. हाडाला दोन्ही लागतात. फॉस्फेट कमी ठेवून नुसतं कॅल्शियम वाढवलं तर ते लघवीवाटे जातं, मूत्रपिंडात साचतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं यावर समाधान मानू नका. रक्त नॉर्मल राखायला शरीर हाडातूनही कॅल्शियम काढतं. लघवीतलं कॅल्शियम आणि पीटीएच (हाडातून कॅल्शियम काढायला लावणारं हार्मोन) बघायला सांगा. पिशवी कमी तासांत संपवली तरी लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. आमचे दहा तासांचे बारा केले, मुलगा कुरकुरला, पण मला ते पटलं होतं. तिला स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल किंवा जुलाब जास्त होत असतील तर रक्तातलं बायकार्बोनेटही बघा, ते आम्लाला आवर घालतं, कारण रक्तातलं आम्ल वाढलं की त्याची किंमत हाडं मोजतात.

अल्कलाइन फॉस्फटेज (लिव्हर आणि हाड दोन्हींतून रक्तात येणारं एन्झाइम) वाढलेलं दिसलं की टीपीएनच्या मुलांत ‘लिव्हरमुळे असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. सोबत जीजीटी बघा, ते लिव्हरचं एन्झाइम आहे, हाडातून येत नाही. ते नॉर्मल असेल तर संशय हाडावर जायला हवा.

रक्तातलं ड जीवनसत्त्व लिटरमागे किमान 50 नॅनोमोलच्या वर हवं. लिव्हरच्या त्रासामुळे पिशवीतलं तांबं कमी केलं असेल तर त्याचीही तपासणी हवी, तांबं कमी पडलं तरी हाडं ठिसूळ होतात. अ‍ॅल्युमिनियमचंही विचारा. ते काचेच्या कुपीतल्या कॅल्शियम ग्लुकोनेटमधून येतं आणि हाडात साठतं. प्लॅस्टिकच्या कुपीत ते खूप कमी असतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) दिवसाला किलोमागे 5 मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली आहे.

आणि पाठदुखी. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना महिनाभर पाठ दुखते म्हणत होता. पंपाच्या पिशवीचं ओझं असेल म्हणून मी रोज तेल चोळत राहिले, क्लिनिकमध्येही कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी एक्स-रेत दोन मणके दबलेले निघाले. पडला नव्हता, धडपडला नव्हता. ते तेल चोळणं आजही आठवलं की पोटात कालवतं. तुमची लेक पाठ दुखते म्हणाली, किंवा नुसती वाकायला टाळू लागली, तरी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच आठवड्यात टीमला फोन करून पाठीच्या कण्याचा बाजूने एक्स-रे मागा.