बॅटल फॉर वेस्नॉथमध्ये ऑर्क्ससमोर दरवेळी माझे एल्फ मरतात, सगळं नशिबावरच आहे का?

तुम्ही लिहिलंय की 'एअर टू द थ्रोन' कॅम्पेन (एकाच गोष्टीतल्या लढायांची मालिका) चालू केलंय, एल्फ घेऊन पुढे जाता आणि सहा-सात टर्नमध्ये अर्धं सैन्य साफ होतं, वर ६० टक्के दाखवलेला वार लागोपाठ तीनदा हुकतो. मी हा पाळीपाळीने खेळायचा लढाईचा गेम बरीच वर्षं खेळतोय, लिनक्सवर फुकट मिळाला म्हणून घेतला होता आणि तेव्हापासून सुटला नाही, आणि सुरुवातीला मलाही अगदी हेच वाटायचं. नशीब आहे, नाही असं नाही. ६० टक्क्यांचे तीन वार लागोपाठ हुकायची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे एका लढाईत असं एक-दोनदा होणारच, ते धरूनच चालायचं. पण तुमचे एल्फ मरतायत त्याचं कारण ते नाही. तुम्ही कुठल्या वेळी आणि कुठे उभे राहून लढताय ते कारण आहे.

एक साधं गणित करून बघा. ऑर्कचा ग्रंट, म्हणजे त्यांचा साधा तलवारवाला, ९ चे दोन वार करतो. ऑर्क रात्रीचे प्राणी, रात्री त्यांची ताकद २५ टक्के वाढते, दिवसा तेवढीच कमी होते. म्हणजे रात्री वार ११ चा, दिवसा ७ चा. तुमच्या एल्व्हिश फायटरकडे ३३ प्राण (एखाद्याचे अंगचे गुण वेगळे असले तर आकडा थोडा इकडेतिकडे). आता तो फायटर गवतावर उभा आहे आणि रात्री दोन ग्रंट अंगावर आले. गवतावर एल्फचा बचाव ४० टक्के, म्हणजे प्रत्येक वार लागायची शक्यता ६०. चारपैकी तीन वार लागले की ३३ झाले, खेळ संपला, आणि असं व्हायची शक्यता जवळजवळ निम्मी! तोच फायटर झाडीत उभा असेल तर त्याचा बचाव ६० ते ७० टक्के असतो, आवृत्तीप्रमाणे थोडा फरक आहे, आणि मग तीच शक्यता आठ ते अठरा टक्क्यांच्या आसपास येते. आणि दिवसा? दिवसा चारही वार लागले तरी २८ च होतात, तो मरूच शकत नाही. फायटर तोच, ग्रंट तेच, फक्त वेळ आणि जागा बदलली.

म्हणून माझी पहिली सवय ही की टर्न सुरू झाली की आधी कोपऱ्यातलं ते सूर्य-चंद्राचं चित्र बघायचं. सहा टर्नचा एक दिवस असतो, पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि मग रात्रीच्या दोन. एल्फना दिवस-रात्रीचा फरक पडत नाही, तो ऑर्कना पडतो, त्यामुळे संध्याकाळ झाली की पुढे जायचं थांबायचं, मागे झाडीत सरकायचं, जखमींना गावात पाठवायचं (गावात टर्नला ८ प्राण भरतात), आणि त्यांना अंगावर येऊ द्यायचं. कॉम्प्युटर धीर धरत नाही, तो येतोच, आणि येताना बरेचदा उघड्यावर किंवा पाण्यात उभा राहतो. पाण्यात ऑर्कचा बचाव फक्त २० टक्के असतो, म्हणजे नदीच्या काठावर तुम्ही आणि पाण्यात तो अशी जागा मिळाली तर ती सोडायची नाही. मग पहाट झाली की तुमची पाळी. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, दिवसा चालत चालत पुढे जातो आणि बरोबर रात्री शत्रूच्या दारात गवतावर पोचतो.

दुसरी गोष्ट रांगेची. एकेकटा एल्फ पुढे सोडू नका, षटकोनी घर असल्यामुळे त्याला सहा बाजूंनी घेरता येतं. सरळ रांगेत खेटून उभे राहिलात तर मधल्या प्रत्येकाला समोरून फक्त दोन जण भिडू शकतात. आणि माणसं कमी असतील तर मध्ये दोन घरं मोकळी सोडली तरी चालतं, कारण लेव्हल १ आणि वरच्या प्रत्येक सैनिकाच्या शेजारच्या घरात शत्रू शिरला की त्याची चाल तिथेच संपते, तो सरळ आरपार जाऊ शकत नाही. हे कळल्यावर मी चार माणसांत सगळी वाट अडवायला शिकलो आणि खरं सांगतो गेमच वेगळा दिसायला लागला.

ग्रंटकडे लांबून मारायचं काहीच नसतं हे लक्षात ठेवा. त्याच्यावर तलवार घेऊन गेलात तर तो उलट मारणार, धनुष्य वापरलंत तर गप उभा राहून मार खाणार. त्यामुळे आर्चर जास्त घ्या. शामनला लोक कमजोर समजून घेत नाहीत ती मोठी चूक, तिच्या वेलींचा एक वार जरी लागला तरी समोरच्याची ताकद त्याची पुढची टर्न संपेपर्यंत निम्मी होते, शिवाय ती शेजारच्यांना दर टर्नला ४ प्राण भरून देते. मी दोन तरी घेतोच. वार करताना क्रमही असा, आधी शामन, मग आर्चर, आणि शेवटी फायटर.

आता शेवटचा घाव कोणाला द्यायचा ते. नुसतं लढल्यावर शत्रूच्या लेव्हलएवढाच अनुभव मिळतो, पण मारल्यावर लेव्हलच्या आठपट, म्हणजे साध्या ग्रंटचे ८. लेव्हल वाढली की सगळे प्राणही परत भरतात, म्हणून ज्याची लेव्हल वाढत आलीय त्याच्यासाठी अर्धमेला ऑर्क राखून ठेवा. पुढच्या सीनारिओत (कॅम्पेनमधल्या पुढच्या लढाईत) जुन्या अनुभवी माणसाला २० सोन्यात परत बोलावता येतं आणि पुढे कॅम्पेन त्यांच्याच जोरावर निघतं. दर सीनारिओला नवीन फायटरच घेत बसलात तर पाचव्या-सहाव्याला अडकणार.

सोन्याचं फार सांगत नाही, गावं लवकर घ्या आणि मागची गावं सांभाळा, कारण ऑर्कच्या सैन्यातले लांडग्यांवर बसलेले गॉब्लिन मागून येऊन ती पळवतात, तिथे एखादा माणूस ठेवाच.

तुम्ही अडकलाय तो पहिला सीनारिओ असेल तर तिथे जिंकायला लढावंच लागत नाही, कॉनराडला, म्हणजे तुमच्या नायकाला, वायव्येच्या त्या पाटीपर्यंत पोचवायचं असतं, बस्स. बाकीचे वाट अडवून धरायला. डेल्फॅडोर, त्याच्याबरोबरचा म्हातारा जादूगार, लेव्हल ५ चा आहे म्हणून त्याला पुढे काढून सगळे ऑर्क मारावेसे वाटतात, ते करू नका. त्याने मारलेल्या प्रत्येक ऑर्कचा अनुभव तुमच्या एल्फच्या हातून जातो, आणि रात्री त्याचाही जोर २५ टक्क्यांनी कमी होतो, घेरला जाऊन मेला तर सीनारिओ तिथेच हरलात. कॉनराडच्या मागे एक-दोन घरं ठेवा त्याला, आणि वाट अडलीच तर तेवढ्यापुरता वापरा.