झोपाळू, पेंगुळलेला आणि पूर्व भागातला निद्रपोतु

सोलापूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. परीकथांची एक इंग्रजी चित्रमालिका त्या लेकीला मराठी करून वाचून दाखवतात. त्यात एक डॉरमाउस, म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी, आहे. कथेत त्याला फारसं काम नाही, राजकन्या आणि चेटकीण भांडत असतात आणि हा बाजूला पेंगत बसलेला असतो. त्याच्या तोंडचं वाक्य ताईंनी "मला झोपाळू वाटतंय" असं केलं आणि लेक म्हणाली, "आई, असं कोण बोलतं?" आता त्याला सुस्त म्हणावं, आळशी म्हणावं की झोपाळूच ठेवावं, असं ताई विचारतात.

लेक बरोबर आहे. "झोपाळू वाटतंय" हे हल्ली मी रिक्षात ऐकतो, बँकेच्या रांगेत ऐकतो, आणि दर वेळी कान दुखतो. मराठी माणसाला झोप येते, पेंग येते, डोळ्यांवर झापड येते, डोळे जड होतात. त्याला झोपाळू "वाटत" नाही. विसराळू माणूस "मला आज विसराळू वाटतंय" म्हणतो का? लाजाळू, मायाळू, विसराळू हे सगळे स्वभाव आहेत. झोपाळूही त्यातलाच.

आणि हा भेद आजचा नाही. अष्टाध्यायीच्या, म्हणजे पाणिनीच्या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या, तिसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादाचं 158 वं सूत्र उघडून बघा. पाणिनीने तिथे 'आलु' प्रत्यय कोणाकोणाला लागतो ते सांगितलंय, आणि एकाच ओळीत दया, निद्रा, तंद्रा, श्रद्धा शेजारीशेजारी बसवल्या आहेत. दयाळू, निद्राळू आणि श्रद्धाळू ही एका घरातली भावंडं! अर्थही स्पष्ट आहे: ज्याचं ते शीलच आहे, असा. पाणिनीच्या सूत्रांवर टिपणं लिहिणाऱ्या कात्यायनाने पुढे त्यात भर घातली ती 'शयालु'ची, म्हणजे पुन्हा झोपणाराच. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तर स्वप्नक्, शयालु, निद्रालु हे एका गटात आणि निद्राण, शयित हे वेगळ्या गटात आहेत. पहिले सवयीचे झोपणारे, दुसरे या क्षणी झोपलेले. मला एका संस्कृतच्या निवृत्त गुरुजींनी सुनावलं होतं की देशी 'झोप'ला संस्कृत 'आलु' चिकटवणं हा संकर आहे. कात्यायनाला यादी वाढवता येते, तर पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणाऱ्यांना का येऊ नये?

सुस्त फारसी आहे, चुस्तचा जोडीदार. त्याचा 'सुप्त'शी काही संबंध नाही. नातं सांगणारे फक्त कानाला लागलेल्या सारखेपणावर जातात. जेवणानंतर येते ती सुस्ती. आळशी तर नकोच. खरा डॉरमाउस हा युरोपातला झुपकेदार शेपटीचा इवलासा प्राणी, तिथला हेझल डॉरमाउस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल निजून काढतो. थंडीत खायला मिळत नाही, म्हणून अंगातली चरबी पुरवत तो गारठून पडतो. त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. त्याचं ते शील आहे, म्हणून झोपाळू.

पण ताई, तुम्ही सोलापुरात राहता आणि खरा शब्द तुमच्या शेजारी आहे! पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, माझ्या ओळखीच्या एका घरात सकाळी साडेसहाला आजी नातवाच्या अंगावरची चादर ओढते आणि ओरडते, "लेवरा, निद्रपोतु!" म्हणजे ऊठ रे, झोपाळू! पोरगा चादरीचं एक टोक दातात धरून ठेवतो. हा तेलुगू शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तेलुगूत पोतु म्हणजे नर जनावर. दुन्नपोतु म्हणजे रेडा, मेकपोतु म्हणजे बोकड. माझं ठाम मत आहे की निद्रपोतुमधला पोतु तोच. शब्दाच्या पोटातच जनावर झोपलेलं आहे.

तेलुगू जाणणारे एक स्नेही म्हणतात, छे, 'निद्रपोवु' म्हणजे झोपी जाणे, त्यावरून जाणारा तो पोतु. ऐकायला सरळ वाटतं, पण टिकत नाही. तिंडि म्हणजे खाणं, तिंडिपोतु म्हणजे खादाड. पिरिकि म्हणजे भित्रा, पिरिकिपोतुही भित्राच. तिथे कोण कुठे "जातो"? भित्रा माणूस भीतीत जातो म्हणून पिरिकिपोतु, असं म्हणायला त्यांचीही जीभ रेटेना. सगळे शब्द एका सुतात ओवायचे तर जनावरच लागतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गावाबाहेरच्या डबक्यात नाकापर्यंत बुडालेला रेडा बघा, अर्धे मिटलेले डोळे, कानावर माशी बसली तरी फक्त कान हलतो. ज्याने पहिल्यांदा कुणाला निद्रपोतु म्हटलं, त्याने हे पाहिलं होतं.

चित्रातल्या संवादाच्या फुग्यात "डोळे मिटायला लागलेत" लिहा. नावाचं लेकीला विचारा, तिचा कान चांगला आहे.