ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांनंतर आईने आता फक्त आराम करावा का?

मुळीच नाही. तुम्ही लिहिलंय की ऑपरेशन, केमो, रेडिएशन आटोपलंय, लेट्रोझोलची (इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी करणारी) गोळी सुरू आहे आणि घरात कुणी आईंना काडी उचलू देत नाही. मी डॉक्टर नाही; याच आजारातून गेलेली, नेरुळला राहणारी, तीच गोळी घेणारी बाई आहे.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी (गाठी) काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, तिला लिम्फेडेमा म्हणतात. म्हणून पूर्वी त्या हाताने बादलीसुद्धा उचलू नका असं सांगायचे. पण 2009 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, अगदी हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या बायकांची सूज वाढली नाही, उलट त्रास उसळण्याचे प्रसंग कमी झाले. यातलं 'हळूहळू' महत्त्वाचं. खारघरला अॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात) फॉलोअपला जाताच आहात, तर तिथेच फिजिओथेरपिस्टबद्दल विचारा. त्यांनी हो म्हटलं की पाण्याची अर्ध्या लिटरची बाटलीही सुरुवातीला पुरते. हात जड वाटला, बांगडी घट्ट व्हायला लागली, तर थांबून लगेच दाखवायचं.

लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, सकाळी सांधे आखडतात. माझे तर बोटांचे सांधे चहाचा कप धरतानाही कुरकुरायचे. चालण्याने आणि स्नायूंच्या व्यायामाने हे बरंच सुसह्य होतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम, ड जीवनसत्त्वही त्यांच्याच सल्ल्याने.

चालायचं आठवड्याला निदान 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. 'घरकाम करतेच की' हे उत्तर आई देतीलच. पण पोळ्या लाटताना दम लागत नाही. मी ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती फिरते, पावसाळ्यात मॉलमध्ये (खर्च होतो तो वेगळा).

साखर तोडल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही. गोड कमी करायचं ते वजनासाठी, कारण उपचारांनंतर अनेकींचं ते वाढतं. मला जास्त काळजी साबुदाण्यावर काढलेल्या उपासांची वाटते, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. मूग, अंडी, मासे, ताक रोज पोटात जाऊ द्या. आहारातलं सोयाबीनही बेताने चालतं. नातेवाइकांनी आणलेले काढे, चूर्णं मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत, गोळी चालू आहे. आणि 'हृदयासाठी थोडी वाईन' सुचवणाऱ्या भावजींना सांगा, दारूने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो, थोडीशीही नको.